आश्रुबाचं नाव

सावरदरीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तेव्हा एकतीस नंबर होते. दोन खोल्यांची पत्र्याची जागा. एका खोलीत बॅटऱ्या, दुसरीत लाकडी बोर्ड. कुणी आपल्या फोनची मूठ फिरवली की बोर्डावर त्याच्या नंबरचं झाकण टपकन खाली पडायचं. सुमंगला प्लग घालून नंबर विचारायची, जोडून द्यायची आणि किल्ली सरळ करायची. किल्ली सरळ केली की पुढचं बोलणं तिला ऐकू येत नसे. कुणाचं बोलणं ऐकायचं नाही आणि ऐकलंच तर सांगायचं नाही, असं नोकरीला लागताना तिनं लिहून दिलं होतं, आणि नऊ वर्षं ते पाळलंही होतं.

तिचे वडील विष्णुपंत हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांना वाचता येईना, म्हणून संध्याकाळी सुमंगला त्यांना वाचून दाखवी. त्यांना वेड होतं विलायती हेरांच्या कादंबऱ्यांचं. नांदेडच्या स्टेशनवरून आणलेली, कव्हरं गेलेली जाड पुस्तकं. त्यातले हेर शूर नसत. मळकट कोट घालून भुरभुर पावसात उभे राहणारे, आपल्याच माणसाला फसवून घरी येऊन मुकाट जेवणारे. ह्यात शत्रू कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळल्यावरही बरं वाटत नाही, असं विष्णुपंत म्हणायचे, आणि पुढचं पान वाच म्हणायचे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जुलैअखेर विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि मराठवाडा पेटला. एसट्या बंद पडल्या. तारा तुटू लागल्या. सुमंगलाचा धाकटा भाऊ बन्सीधर परभणीला कॉलेजात होता, तो कपाळाला पट्टी बांधून घरी आला आणि नामांतर होऊ देणार नाही म्हणून ओसरीवर मोठ्यानं बोलू लागला. आई गेल्यावर सुमंगलानंच त्याला वाढवला होता. त्याच्यासाठी तिनं लग्नाचा विषयही बाजूला ठेवला होता. पट्टी कशाची, हे तिनं विचारलं. दगड लागला, एवढंच तो म्हणाला. कुणी मारलेला, ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी एक्सचेंजमध्ये एक माणूस आला. पांढरा मनिला शर्ट, हातात चामडी पिशवी, पन्नाशीचा. नाव माणिकराव सांगितलं. कुठल्या कचेरीचा, ते त्यानं तेव्हाही सांगितलं नाही आणि पुढेही कधी नाही. पण तो पोलिसांतला होता हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं. टेबलावरची कादंबरी त्यानं उचलून पाहिली, आपल्यालाही अशी पुस्तकं आवडतात म्हणाला. मग पिशवीतून एक कागद काढला. परभणीत एक बस जाळली गेली होती आणि त्या प्रकरणात सतरा नावं होती. अकरावं बन्सीधरचं.

"हा कागद अजून माझ्याकडंच आहे," माणिकराव म्हणाला. "पुढं गेलेला नाही."

त्याला जे हवं होतं ते लहानसंच होतं. गावात दत्तराव नावाचे कापसाच्या जिनिंगचे मालक होते. नामांतरविरोधी कृती समिती त्यांच्या पेढीवरून चालायची. त्यांचा नंबर चार. चार नंबरवर कोण काय बोलतं ते सुमंगलानं ऐकायचं आणि परभणीच्या एका नंबरावर मामांना निरोप म्हणून सांगायचं. तुम्ही कुणाचं वाईट करत नाही, तो म्हणाला, उलट कुणाची तरी घरं वाचतील. दुसऱ्या दिवशी चार नंबरचं झाकण पडलं तेव्हा तिनं किल्ली सरळ केली नाही.

एक्सचेंजमध्ये तिच्याबरोबर एकच माणूस होता, लाइनमन लिंबाजी. सावरदरीपासून तीन कोसांवर हिवरखेडी, तिथल्या बौद्धवाड्यात त्याचं घर. बायको बायनाबाई, म्हातारी आई, दोन मुली. सायकलीला शिडी बांधून तो येलदरीपर्यंतचे खांब सांभाळायचा. त्या दिवसांत तारा रोज तुटत आणि लिंबाजी रोज जोडून येई. ज्या पोरांनी तारा तोडल्या तीच पोरं रस्त्यात त्याला अडवत, काहीबाही बोलत. तो ते सुमंगलाला सांगत नसे; चहा घेऊन पुन्हा निघून जाई. दत्तरावांच्या बोलण्यातून तिला ऐकू यायचं ते. त्यामुळं लिंबाजी समोर आला की ती उगीच रजिस्टरात डोकं घाली.

पाच दिवस तिनं निरोप दिले. सभा कुठं, मोर्चा कधी, पत्रकं कुठं छापली. रस्त्यावर दत्तरावांचा मुनीम आश्रुबा दिसला आणि नेहमीसारखा नमस्कार बाई म्हणाला, तरी तिला वाटे ह्याला सगळं कळलंय. आश्रुबा चाळिशीचा, हडकुळा, सरळ माणूस. मालकाचे सगळे फोन तोच लावून द्यायचा. त्यामुळं त्याचा आवाज सुमंगलाला बन्सीधरच्या आवाजाइतकाच पाठ होता.

सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला चार नंबरवरून सत्तावीस नंबर मागितला गेला. सत्तावीस म्हणजे हिवरखेडीचे आबासाहेब, तिथले मोठे जमीनदार. दत्तराव स्वतः बोलत होते. दुपारी चारला जीप निघेल, आठ पोरं, सामान बरोबर. तुमची माणसं पांदीच्या वाटेच्या तोंडाशी उभी ठेवा. बौद्धवाड्यातली माणसं रानात कामाला असतील तेवढ्यात उरकायचं. आबासाहेबांनी विचारलं, पोरं कोण कोण? दत्तरावांनी नावं सांगितली. पाचवं बन्सीधरचं.

सुमंगलानं लगेच परभणीला कॉल लावला. लाइन मिळायला चाळीस मिनिटं लागली. माणिकरावानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, माझ्याकडं माणूसच नाही, सगळी फौज मोठ्या गावांत अडकलीय. ती म्हणाली, पाच शिपाई पाठवा, तरी पुरे. तेव्हा तो सावकाश बोलला.

"बाई, हिवरखेडीची गोष्ट दोघांनाच ठाऊक आहे, चार नंबरला आणि सत्तावीसला. तिथं माझा एक शिपाई जरी दिसला, तरी दत्तराव विचार करील की मधे कोण बसतं. ती लाइन मला आणखी महिनाभर पाहिजे. ह्याहून मोठं काही शिजतंय."

"आणि तिथली माणसं?"

"घरं पुन्हा बांधता येतात," माणिकराव म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

लिंबाजी सकाळीच येलदरीच्या बाजूला गेला होता, तो अंधार पडल्याशिवाय येणार नव्हता. बौद्धवाड्यात फोन नव्हता. गावात कुणाला पाठवावं, तर कुणावर विश्वास ठेवायचा? बन्सीधरला गाठावं म्हणून तिनं दुपारी दाराला कुलूप लावून घर गाठलं. तो जेवून बाहेर पडला होता. विष्णुपंत म्हणाले, मित्राच्या जीपमधून कुठंतरी जाणार आहे, रात्री जेवायला येईल. ती तशीच परत आली. बोर्डावर चार झाकणं पडलेली होती. घड्याळात अडीच.

पुढं जे झालं ते तिनं ठरवून केलं, असं म्हणता येणार नाही. लांबची लाइन खरखरत असली की दोन्हीकडचे लोक तिलाच म्हणत, बाई, आवाज येईना, तुम्हीच सांगा. मग ती मधे बसून निरोप पोचवी. सगळ्यांना त्याची सवय होती. तिनं सत्तावीसचा प्लग घातला आणि घंटी दिली. आबासाहेबांनीच उचलला.

ती म्हणाली, पेढीवरून निरोप आहे, लाइन खराब आहे म्हणून मी सांगते. आजचं रद्द. जिंतूरहून राखीव पोलिसांची गाडी हिवरखेडीकडं निघालीय. माणसं घरी पाठवा आणि तुम्हीही गावात थांबू नका.

मग आबासाहेबांनी विचारलं, "दत्तराव सोता का न्हाई बोलले? कोण बोलायलंय तिकडून?"

ह्याचा तिनं विचारच केला नव्हता. कुणाचं तरी नाव सांगायला हवं होतं, आणि ते लगेच सांगायला हवं होतं.

"आश्रुबा मुनीम," ती म्हणाली.

"बरं," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चार वाजता जीप निघाल्याचा आवाज तिनं खिडकीतून ऐकला. पाच वाजले, सहा वाजले. साडेसहाला बन्सीधर अगदी खिडकीखालून घराकडं जाताना दिसला, मान खाली, अंगाला रॉकेलचा वास. नंतर कळलं ते असं : जीप पांदीच्या तोंडाशी गेली तर तिथं चिटपाखरू नव्हतं. आबासाहेब लेकीच्या गावाला निघून गेलेले. पोरं थोडी पुढं गेली, तर जीप बघून खुरपण टाकून आलेल्या बाया आणि गडी बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभे राहिले. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या हातात मुसळ. बायनाबाई सगळ्यांच्या पुढं. आठ पोरांचा धीर झाला नाही. जीप उलटी फिरली.

त्या संध्याकाळी सुमंगलाला थोडा वेळ फार हलकं वाटलं. तिनं वडलांना दोन प्रकरणं वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दत्तराव स्वतः एक्सचेंजमध्ये आले. मागं दोन माणसं होती, आणि त्यांच्या मागं दाराला टेकून बन्सीधर. दत्तराव कधी आवाज चढवून बोलत नसत. स्टुलावर बसले, वारा घालायला पुठ्ठा मागितला आणि म्हणाले, काल दुपारी आमच्या पेढीवरून हिवरखेडीला फोन गेला म्हणतात. आश्रुबा तर म्हणतो, मी केलाच नाही. ह्याच बोर्डावरच्या दोन नंबरांमधल्या फोनची नोंद नसते, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्हाला विचारायला आलो.

सुमंगलापाशी तीन उत्तरं होती. आठवत नाही, हे एक. त्यावर त्यांनी मान डोलावली असती आणि मग मधे कोण बसतं याचा विचार केला असता. मीच केला, हे दुसरं. तिसरं तिच्या तोंडातून आलं.

"आश्रुबाच होते," ती म्हणाली. "आवाज ओळखीचा आहे माझ्या."

दत्तरावांनी बन्सीधरकडं पाहिलं, तुझ्या बहिणीनं काम सोपं केलं, अशा नजरेनं. मग ते उठले.

आश्रुबाला जिनिंगच्या आवारात मारलं. उजवा हात मनगटापासून मोडला, तो पुढं वाकडाच जुळला. मी नाही, मी नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत होता, असं बन्सीधरनंच रात्री जेवताना सांगितलं. गद्दार कबूल करील का, असंही म्हणाला. सुमंगलानं त्याला भात वाढला. आठवड्यानं आश्रुबा बायकोला घेऊन पाथरीला, बायकोच्या माहेरी निघून गेला.

माणिकराव पंधरा दिवसांनी आला. चिडलेला नव्हता. सगळं त्याला समजलं होतं. तिला वाटलं, आता हा बन्सीधरचा कागद पुढं पाठवणार. त्यानं उलट चहा मागितला.

"ह्या कामात कुणाचं तरी नाव वापरावंच लागतं," तो म्हणाला. "आम्हाला शिकायला दहा वर्षं लागतात. तुम्ही सहा दिवसांत शिकलात."

शाबासकीच होती ती. शिवीपेक्षा जास्त लागली. तरी तिनं काम सोडलं नाही. पुढं तीन वर्षं ती निरोप देत राहिली. एकदा तिच्या निरोपामुळं पांदीत लपवलेल्या तलवारी सापडल्या. एकदा मात्र तिच्याच निरोपामुळं लिंबाजीच्या वस्तीतली चार पोरं नामांतराच्या मोर्चाच्या आदल्या दिवशी उचलली गेली आणि तीन महिने आत राहिली. त्यातलं एक बायनाबाईच्या भावाचं होतं. लिंबाजीनं त्या दिवसांत चहा घेतला नाही. सुमंगलानं विचारलंही नाही. सोडते म्हणायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर नुसती भीतीच नव्हती. आपल्याला सगळं कळतं, ह्याची तिला चटक लागली होती. ती चटक तिनं कधी कुणापाशी कबूल केली नाही. पुढं विष्णुपंत वारले. बन्सीधर बँकेत लागला आणि पुण्याला गेला. सुमंगलाची बदली परभणीला झाली. माणिकरावाचं नंतर काय झालं, तिला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या कानावर येत राहिली. हिवरखेडीच्या बौद्धवाड्यात आश्रुबाचं नाव झालं होतं. दत्तरावांच्या माणसांनी ज्याला गद्दार म्हणून मारलं त्यानंच आपल्याला वाचवलं, असं तिथं घरोघर सांगत. पहिल्या सुगीला लिंबाजी डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन पाथरीला गेला होता म्हणे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यानंतरच्या रविवारी लिंबाजी, महिन्यातून एकदा यायचा तसा, परभणीला सुमंगलाच्या घरी आला. केस पांढरे, आता निवृत्तीला आलेला. म्हणाला, वस्तीत कार्यक्रम ठेवलाय, आश्रुबाचा सत्कार करायचाय. तुमी त्या टायमाला एक्सचेंजला व्हत्या. तुमीबी या बाई. ती नको म्हणाली. मग आठ दिवस झोपली नाही, आणि नवव्या दिवशी हिवरखेडीच्या एसटीत बसली.

विहाराच्या अंगणात मंडप होता. आश्रुबाला मधे बसवलं होतं. शाल, नारळ, हार. उजवा हात त्यानं शालीखाली घेतला होता. बायनाबाईनं त्याला ओवाळलं. त्याला बोलायला सांगितलं, तेव्हा तो उठला, दोन वाक्यं बोलला आणि बसला. म्या काय लय मोठं केलं न्हाई, असं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणं झाल्यावर तो चिंचेखाली एकटा बसला होता. सुमंगला त्याच्यापाशी गेली. सोळा वर्षं तिनं जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं पहिलं सुरू करताच त्यानं डावा हात वर केला.

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "फोन म्या केला न्हवता. आबासाहेबांनी खोटं बोलायचं कारण न्हवतं. मग मधी राहिलं कोण?"

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

आश्रुबानं मंडपाकडं पाहिलं. तिथं लिंबाजी पंगतीला वाढत होता. आधी तो म्हणाला की सांगून कुणी ऐकलं नसतं. मग म्हणाला, हेबी खरं न्हाई. लिंबाजी पोतं घेऊन आला त्या दिवशी मी त्याला सांगणारच होतो, पण त्यानं माझे पाय धरले. तेव्हापासून बोलता आलं नाही.

मग तो हळूच म्हणाला, "बाई, त्या दिवशी जीपमधला रॉकेलचा डबा म्याच भरून दिला व्हता. घासलेट कशाला लागतंय ते ठाव असून. ह्या हातानं."

त्यानं शालीतून तो वाकडा हात काढून तिला दाखवला. तिनं विचारलं, आता मी वस्तीला खरं सांगू का? आश्रुबा एकदम घाबरल्यासारखा झाला. पोरीचं लग्न ह्याच लोकांनी उभं राहून लावलं, म्हणाला. पाथरीत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं तेव्हा हेच येत होते. ह्यांच्यामुळं मी माणसात राहिलो. जे मी नव्हतो ते व्हायला मला सोळा वर्षं लागलीत, ते घेऊ नका.

एवढ्यात मालनबाई, त्याची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं शेवटचं ऐकलं असावं, किंवा नवऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखलं असावं. तांब्या खाली ठेवून ती उभी राहिली.

"ह्याच का त्या?" तिनं विचारलं.

आश्रुबानं वाकडा हात पुन्हा शालीखाली घेतला.

मालनबाई बोलू लागली. आवाज खालीच होता. पाथरीला भावांनी वेगळी चूल मांडून दिली आणि वाटेत दिसली तरी तोंड फिरवलं, गद्दाराची बायको म्हणून. आई मेली तेव्हा मला मागून कळवलं. ह्यांना हात मोडल्यावर चार वर्षं काम नव्हतं. मी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला. ह्यांना आज हार पडला. ह्यांना पोतं आलं, पाया पडणारं माणूस आलं. माझ्या भावांच्या दारात जाऊन कोण सांगणार हाय, माझा नवरा गद्दार न्हवता म्हणून?

"मी सांगते," सुमंगला म्हणाली. "उद्या चला पाथरीला. मी त्यांच्यापुढं सांगते."

"नग," आश्रुबा म्हणाला.

मालनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग सुमंगलाकडं.

"तिथं सांगितलं तर हितंबी कळंल," ती म्हणाली. "ह्यांचं हे पुन्यांदा मोडायचं. म्हंजी मला माहेर घ्यायचं तर ह्यांचं नाव सोडायचं. हे तुमी करून ठिवलंय बाई."

तिनं तांब्या उचलला. सुमंगलानं हात पुढं केला होता, पण तिनं तो आश्रुबाला दिला. तो पाणी प्यायला. मग मालनबाई त्याला म्हणाली, चला, लोक वाट बघायलेत, आणि दोघं मंडपाकडं गेली.

परतीची एसटी सव्वापाचला होती. सोडायला लिंबाजी फाट्यापर्यंत आला. पन्नास पावलांच्या त्या वाटेत ती तीनदा थांबली. तिसऱ्यांदा लिंबाजीनं विचारलं, काय झालं बाई, बरं न्हाई का?

तुझ्या मेव्हण्याच्या पोराला ज्या दिवशी उचललं, ती म्हणाली, तो निरोप मी दिला होता.

हे तरी तिचं स्वतःचं होतं. ह्यात आश्रुबाचं नाव नव्हतं. लिंबाजी तिच्याकडं पाहत राहिला. तो मागचं आठवत होता, एकेक वर्ष, हे तिला दिसत होतं. आणि आठवता आठवता तो त्या ऑगस्टपर्यंत पोचेल का, ह्या भीतीनं ती एसटीच्या वाटेकडं बघू लागली. एसटी आली. त्यानं तिची पिशवी आत ठेवली, नेहमीसारखी, आणि तो फाट्यावर उभा राहिला. गाडी वळेपर्यंत तो तसाच उभा होता.

पुढच्या महिन्यात तो परभणीला आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. दारावर थाप पडली की सुमंगला अजून उठून उभी राहते.